मायक्रॉनबाईंची हवा

मायक्रॉन म्हणजे काय हे गल्लीत फार थोड्यांना ठाऊक आहे. मायक्रॉनबाई कोण हे मात्र नुकतं चालायला लागलेलं पोरही बोटानं दाखवतं. डाव्या हाताचं तिसरं घर, वर राहायच्या खोल्या आणि खाली दोन शटरं. पहिल्या शटरमागे त्यांचे यजमान, म्हणजे टेलरमास्तर, लोकांच्या पँटी कमरेत सैल करत बसलेले असतात. दुसऱ्या शटरमागे स्वतः बाई, त्यांची लेथ, त्यांचं ग्राइंडिंग मशीन आणि भिंतीला टेकलेला एक दमेकरी कॉम्प्रेसर. पहिल्या शटरमागे माप बोटभर चुकलं तर गिऱ्हाईकच म्हणतं, राहू द्या मास्तर, मीच पोट कमी करतो. दुसऱ्या शटरमागे केसाचे उभे सत्तर भाग करतात आणि त्यातल्या एका भागावरून भांडण होतं. तो एक भाग म्हणजे मायक्रॉन. असा हा संसार चाळीस वर्षं टिकला, याचं श्रेय दोघांपैकी कुणाला द्यायचं यावर गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.

बाई कारखान्यात लागल्या त्या झाडू मारायला. मशीनखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा, पत्र्याच्या डब्यात भरायचा, डबा बाहेर रिकामा करायचा. एक दिवस ग्राइंडरवाला आला नाही आणि घासायचा जॉब अडला. बाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि मशीन चालू केलं. फोरमन ओरडायला धावत आला, माप घेऊन बघितलं आणि ओरडायचं विसरला. त्या झाडूला पुढची सत्तावीस वर्षं त्यांचा हात लागला नाही.

त्या कारखान्यात तपासणीची एक काचेची खोली होती. आत एका उभ्या शाफ्टवर, म्हणजे पोलादी दांड्यावर, एक जड थाळी बसवलेली. बोटानं ढकलली की फिरतच राहायची, ना आवाज ना थरथर. कारण तो शाफ्ट कशालाच टेकलेला नव्हता. भोवतीच्या नळीतून, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून हवा यायची आणि शाफ्ट त्या हवेवर तरंगायचा. बाईंनी घासलेला प्रत्येक जॉब त्या थाळीवर बसून तपासला जायचा, फक्त बाईंनाच आत जायची परवानगी नव्हती. एकदा त्यांनी विचारलंच, जरा जवळून बघू का. तिथला साहेब हसून म्हणाला, "बाई, हे हवेवर चालतं. हे हाताचं काम नाही."

बाई तिथे काही बोलल्या नाहीत. घरी येऊन बोलल्या. हवा काय याच्या बापाची आहे का, असं एकच वाक्य, पण ते मास्तरांना पुढची अकरा वर्षं जेवताना, झोपताना आणि सुईत दोरा ओवताना ऐकावं लागलं.

निवृत्त होताना कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. बाई म्हणाल्या, वेळ मला कळते, ती मागच्या अंगणात भंगारात काढलेली लेथ द्या. साहेब लोकांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. तिसऱ्या दिवशी म्हातारी टेम्पो घेऊन दारात. ग्राइंडिंग मशीन असंच कुठून कुठून, एक पाय इथला, एक चाक तिथलं, असं जमवलं. मास्तरांनी जाड खाकी कापडाचा एप्रन शिवून दिला, मायक्रोमीटरला आतून मऊ अस्तराचा खिसा ठेवून. आणि बाई कामाला लागल्या. काय करताय म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, हवेवर चालतं ते करतेय. हवेत इमले बांधणारे गल्लीत पुष्कळ होते, पण त्यासाठी कॉम्प्रेसर आणलेल्या या पहिल्याच.

आठ महिने गेले. पहिली नळी इतकी ढिली झाली की हवा सगळी निघून जायची आणि शाफ्ट आपला ढिम्म. दुसरीला भोकांच्या तोंडाशी खळगे मोठे झाले. हवा सोडली की शाफ्ट थरथरून असा केकाटायचा की समोरच्या काकूंनी त्याचं नाव कोल्हा ठेवलं. सकाळ झाली की काकू गॅलरीतून विचारायच्या, आज कोल्ह्याला बरं नाही का, आवाज नाही आला. तिसरी नळी बाईंनी भोकापासून पुन्हा केली, हातानं घासून घासून आतून आरशासारखी केली, आणि कोल्हा गप्प झाला. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी थाळीला एका बोटानं ढकललं आणि स्टुलावर बसल्या. थाळी बारा मिनिटं फिरली. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. फक्त खडूनं भिंतीवर बारा लिहिलं.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी घरात गाडीचं निघालं.

चिरंजीवानं गाडी घेतली होती. गाडी पांढरी आणि गल्ली अरुंद. कुणीतरी दारावर किल्लीनं रेघ ओढली, कावळ्यांनी टपाचा ताबा घेतला, आणि चिरंजीव दर दोन तासांनी ओलं फडकं घेऊन खाली. मुलगा वाईट नव्हता. आईला मोठ्यानं बोलायचा नाही, औषधं वेळेवर आणायचा. पण फडकं पिळता पिळता त्याची नजर दुसऱ्या शटरवर गेली, टेप घेऊन त्यानं रुंदी मोजली, आणि गाडी तिथे अगदी बरोबर बसते हे त्याच्या लक्षात आलं. मास्तरांचा मुलगा, मापात चुकणार कसा.

रविवारी त्याचा मेहुणा जेवायला आला होता. हा इंजिनियर. उंटावर न बसताही शहाणा. जेवण झाल्यावर त्याला खाली नेऊन बाईंचा उद्योग दाखवण्यात आला, तो अर्थातच आधी ठरवून. त्यानं थाळीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, शटरच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे बघितलं. मग फार गोड आवाजात सांगितलं की अशा गोष्टी बंद खोलीत, एकाच तापमानात, मोठमोठ्या मशिनींवर करतात.

"राग मानू नका काकू," तो म्हणाला, "पण अशा खोलीत हवा भरून फक्त एकच गोष्ट तरंगते. फुगा."

चिरंजीव हसला नाही, पण हसू दाबायला त्याला खाली बघावं लागलं. मग त्यानं खाली बघतच गाडीचं काढलं. आईचं वय झालं, मशीन जड आहे, एखादा दिवस बोट जायचं. बाबांनाही आवाजाचा त्रास होतो. भंगारवाला ओळखीचा आहे. मास्तर तिथेच उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि तेही काही बोलले नाहीत, ते बाईंनी बरोबर टिपलं.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी या," बाई मेहुण्याला म्हणाल्या. "थाळीला एकदा ढकलेन, एका बोटानं. दहा मिनिटं फिरली तर मशीन इथेच राहील आणि हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. नाही फिरली तर सोमवारी भंगारवाल्याला बोलवा."

आईचा शब्द चिरंजीव फार मानतो. त्यानं त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला फोन करून सोमवार धरून ठेवायला सांगितलं.

बाईंना रात्री नीट झोप लागली नाही, तरी धास्ती नव्हती. भिंतीवर बारा लिहिलेलं होतं. बारात दहा बसतात, त्याला इंजिनियर लागत नाही. सोमवारी सकाळी शटर उघडलं, हवा सोडली, थाळीला ढकललं आणि चहाचा कप तोंडाला लावला. कप निम्माही झाला नव्हता तोच थाळी गुळात पाय रुतल्यासारखी मंदावली आणि थांबली. अडीच मिनिटं.

बाईंनी सगळं उघडलं. शाफ्टला ओरखडा नाही. नळी स्वच्छ. स्पिरिटनं पुसलं, वाळवलं, पुन्हा बसवलं, त्यात दिवस गेला. संध्याकाळी ढकलली तर साडेअकरा मिनिटं. बाईंनी कॉम्प्रेसरची रबरी नळी नेहमीप्रमाणे काढून गुंडाळून ठेवली आणि वर गेल्या.

मंगळवारी सकाळी, दोन मिनिटं.

भिंतीवर खडूच्या दोन ओळी झाल्या. संध्याकाळची ओळ साळसूद, साडेअकरा, अकरा, बारा. सकाळची ओळ वांड, अडीच, दोन, पावणेदोन. बाईंना संध्याकाळचा शाफ्ट आपला वाटायचा आणि सकाळचा जावई. मधल्या वेळात त्याला होतं काय? पहिला संशय थंडीवर. पहाटे गारवा पडतो, नळी पितळेची, शाफ्ट पोलादाचा, गारठ्यात दोघं सारखे आकसत नाहीत. बाईंनी मास्तरांकडे जुनं पांघरूण मागितलं. मास्तरांनी पांघरूण दिलं नाही. त्यांनी माप घेऊन नळीला एक अस्तर लावलेला अंगरखाच शिवला, पुढे तीन बटणं, आणि बाजूला जिथे रबरी नळी लागते त्या भोकासाठी सुबक काज. समोरच्या काकूंनी तो अंगरखा बघितला आणि म्हणाल्या, कोल्ह्याला कपडे झाले, आता नाव बदला. अंगरखा घालून गुरुवारची सकाळ उजाडली. दीड मिनिट.

मग टेबलावर संशय. पाणसळ लावली, एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला, काढला, पुन्हा सरकवला. मग हवेवर. पुसताना फडक्याला किंचित बुळबुळ लागत होती, म्हणजे कॉम्प्रेसर तेल ओकतोय. बाईंनी हवेच्या वाटेत एक गाळणी बसवली, मग तिच्या पुढे दुसरी, मग दुसरीच्या पुढे कापूस. रबरी नळीच्या तोंडाशी पांढरं कापड धरून अख्खा तास हवा सोडली. कापडावर डाग नाही. गल्लीनंही आपापली निदानं केली. कुणी म्हणालं, सकाळी म्हातारपणी सांधे धरतातच, बाईंचे धरतात तर शाफ्टाचे का नाही. कुणी म्हणालं, यंत्रालाही कळतं की आपल्याला गाडीसाठी हाकलणार आहेत, त्याचा जीव लागेल का. दुखणं एकीकडे आणि मलम भलतीकडे, असे दहा दिवस गेले. शुक्रवारी सकाळी सव्वा मिनिट झालं. वाट अशी उतरणीची, आणि रविवार परवावर.

त्या सव्वा मिनिटानंतर बाई काही उघडायच्या भानगडीत पडल्या नाहीत. मग त्यांनी थाळी उचलून शाफ्ट बाहेर काढला, त्याच्यावर बोट फिरवलं आणि बोट अंगठ्यावर चोळलं. बुळबुळ होतीच. कॉम्प्रेसरचं तेल काळपट असतं, जळका वास येतो. लेथचं पिवळं आणि जाड, बोटाला धरून राहतं. हे पाण्यासारखं पांढरं होतं, पातळ, आणि वास म्हणाल तर जेमतेम, किंचित गोडसर. बाईंनी बोट पुन्हा नाकाशी नेलं. हा वास त्यांना शाफ्टावर ओळखू येत नव्हता, कारण शाफ्टावर तो कधी नव्हताच. तो चाळीस वर्षं जेवायला समोर बसत होता.

बाई शाफ्ट हातात घेऊनच उठल्या आणि शेजारच्या शटरमध्ये गेल्या. तिथे एक गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून उभं होतं आणि मास्तर त्याच्या छातीभोवती टेप धरून होते.

"अहो, माझ्या शाफ्टात तेल कुणी घातलं?"

मास्तरांनी टेप सोडला नाही. "मी."

बाईंना त्या क्षणी पैजेच्या रविवारचे मास्तर आठवले, तिथेच उभे, गप्प. बाबांनाही आवाजाचा त्रास होतो. म्हणजे मुलगा, मेहुणा आणि हे, तिघांची एक शिवण. ओरखडा नाही, तोडमोड नाही, रोज सकाळी नुसते दोन थेंब. टेलरच्या हाताची सफाई.

"तुम्हीपण त्यांच्यातले झालात?"

"कुणातले?" मास्तरांनी आता बाईंकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर बाईंना अपराध शोधूनही सापडेना. "अगं, पैज लावलीस आणि अंथरुणात नुसती या कुशीवरून त्या कुशीवर. म्हटलं, आपल्याच्यानं दुसरं काय होणार. सकाळी दुकान झाडताना मधल्या दारातून तुझ्याकडे डोकावलो, बाजूला भोक दिसलं. माझ्या मशीनला आहे तसंच, तेलाचं. सोडले दोन थेंब."

"रोज?"

"रोजच घालायचं असतं. मी माझ्या मशीनला चाळीस वर्षं घालतोय, कधी कुरकुर केली का तिनं?"

"आणि रोज सकाळी बिघडतंय हे दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं ना," मास्तर म्हणाले. "म्हणून आज चार सोडले."

गिऱ्हाईकानं विचारलं, हात खाली घेऊ का.

बाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. अंगरख्याला बाजूनं इतकं सुबक काज का होतं ते त्यांना आत्ता कळलं. काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि दहा दिवस कापसात आणि गाळण्यांत घालवले. त्यांना भांडायचं होतं, चांगलं दणकून, पण भांडण सुरू करायला जी धार लागते ती तोंडात येईना. शेवटी एवढंच म्हणाल्या की हवेला तेल लागत नाही. मग काय लागतं, मास्तरांनी खऱ्या काळजीनं विचारलं. काहीच लागत नाही, बाई म्हणाल्या, तेच तर आहे त्यात. मास्तरांनी यावर बराच विचार केला आणि मान हलवली. जिला काहीच लागत नाही अशा वस्तूसाठी एवढी यातायात, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही, पण त्यांनी तेलाची कुपी उचलून वरच्या फळीवर, कापडाच्या मागे ठेवली. गिऱ्हाईकानं आपल्या हिमतीवर हात खाली घेतले.

तेल नुसतं शाफ्टाला नव्हतं, नळीच्या आतल्या पोकळीत साचलं होतं. बाईंनी शुक्रवार आणि अख्खा शनिवार तेच केलं. स्पिरिट ओतलं, हलवलं, काढलं, पुन्हा ओतलं. मास्तर शेजारी उभे राहून फडकी कापून देत होते, चारही बाजूंनी शिवण घालून, म्हणजे धागा सुटायला नको. शनिवारी संध्याकाळी अकरा मिनिटं. रविवारी सकाळी शटर उघडल्या उघडल्या, चहाच्या आधी, अकरा मिनिटं. बाईंनी सकाळच्या ओळीत अकरा लिहिलं आणि त्याच्याखाली एक रेघ मारली.

रविवारी जेवणं आटोपून सगळे खाली आले. चिरंजीव, सूनबाई, हातात फोनचं घड्याळ लावलेला मेहुणा. समोरच्या काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या, तिथून थाळी दिसत नाही पण तोंडं दिसतात आणि काकूंना तेवढं पुरतं. मास्तर दाराशी टेप गळ्यात घालून उभे. बाईंनी हवा सोडली. थाळी केसभर वर उचलली गेली, ते नुसतं बाईंनाच दिसलं. त्यांनी एप्रनला बोट पुसलं, थाळीच्या कडेला लावलं आणि ढकललं.

थाळी फिरायला लागली. आवाज काही नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मेहुणा आधी भिंतीला टेकून उभा होता. तिसऱ्या मिनिटाला सरळ झाला, पाचव्याला पुढे आला. सहाव्याला तो फोनकडे बघायचं विसरला होता आणि चिरंजीव त्याला फोन बघ म्हणून कोपरखळ्या मारत होता. थाळीवर शटरमधून येणारा उजेड पडला होता आणि तो हलत नव्हता, इतकी ती सरळ फिरत होती.

सातव्या मिनिटाला वीज गेली.

वरचा पंखा थांबलेला आधी कळला, मग फ्रीजची घरघर. इथे खालती कळायला काहीच नव्हतं, कारण थाळीला वीज लागत नाही. पण हवा कॉम्प्रेसरच्या टाकीतून येत होती, आणि टाकी उतरली की कॉम्प्रेसर आपोआप सुरू व्हायचा. तो आता होणार नव्हता. बाईंनी टाकीवरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे बघितलं. काटा पाचच्या जरासा खाली होता. तिनापर्यंत शाफ्ट तरंगतो. तिनाच्या खाली हवा त्याला उचलून धरत नाही आणि मग फिरता शाफ्ट नळीवर बसतो, पोलाद पितळेवर, आणि आठ महिन्यांच्या घासण्यावर गोल ओरखडा उठतो. बाई थाळीकडे बघत नव्हत्या. काट्याकडे बघत होत्या.

आठ मिनिटं झाली. काटा चारवर. साडेआठ. मेहुणा मोठ्यानं मोजायला लागला आणि सूनबाईही त्याच्याबरोबर. थाळी अजून मजेत फिरत होती, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नऊ झाली. काटा तिनाच्या जेमतेम वर. मास्तरांनी टेप दोन्ही मुठींत धरला होता. नऊ मिनिटं आणि दहा सेकंद झाले तेव्हा काटा तिनावर आला, आणि बाईंनी पुढे होऊन तळहात थाळीवर ठेवला.

थाळी थांबली. टाकीतली उरलेली हवा सुस्कारा टाकल्यासारखी निघून गेली आणि थाळी केसभर खाली बसली, अलगद.

"पन्नास सेकंद राहिले होते, काकू," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात यावेळी गोडवा नव्हता, हळहळ होती.

"ठाऊक आहे."

"आई, दहा झाली नाहीत," चिरंजीव म्हणाला.

"नाही झाली."

"मग?"

"मग मी हरले," बाई म्हणाल्या. "आणि मशीन हलणार नाही."

चिरंजीवानं वडिलांकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, गॅलरीकडेही बघितलं. मग हळूच म्हणाला, की शब्द तिनंच दिला होता, सगळ्यांदेखत.

"दिला होता. मोडला. आयुष्यात पहिल्यांदा मोडतेय, तेव्हा नीट बघून घे, पुन्हा दिसायचा नाही. पन्नास सेकंदांसाठी मी माझा शाफ्ट खराब करणार नाही. आणि तू मला सांगू नकोस काय न्याय आहे ते. माझी पैज होती, मी हरले, भंगारवाला येऊ दे. मशीन माझं आहे."

मेहुणा एवढा वेळ टाकीच्या घड्याळासमोर वाकून उभा होता. तिनावर लाल खडूनं ओढलेली रेघ त्यानं बघितली, मग थाळीखाली बघितलं. मी असतो तर फिरू दिली असती, तो कुणाला उद्देशून न बोलता म्हणाला, दहा झाली असती आणि शाफ्ट गेला असता. मग त्यानं विचारलं, वीज आली की एकदा मला ढकलू द्याल का. बाई म्हणाल्या, हात धुऊन ये.

चिरंजीवानं भंगारवाल्याला काही कळवलं नाही. शब्द मोडायची सवय या घरात अजून रुळलेली नव्हती.

सोमवारी नऊ वाजता भंगारवाला आला, हातगाडी, दोन धिप्पाड माणसं आणि जाड दोर घेऊन. शटर उघडं होतं आणि लेथ चालू. बाईंनी सकाळी सातलाच लोखंडाची चांगली दोन हात लांबीची कांब लेथवर चढवली होती आणि सगळ्यांत संथ चालीवर कापायला लावली होती. कांबेवरून कीस निघत होता तो जवळजवळ कंटाळून. भंगारवाला म्हणाला, बंद करा बाई, न्यायला आलोय. बाई म्हणाल्या, जॉब चालू आहे. किती वेळ लागेल? बघू. त्याच्या माणसानं मशीनकडे हात नेला तर बाईंनी मान न वळवता सांगितलं की चालत्या मशीनला हात लावला तर हात इथेच राहतो, मग भंगारात तोही धरा. माणसानं हात मागे घेतला आणि खिशात ठेवला.

दहा वाजले, अकरा वाजले. एक कांब संपली, बाईंनी मशीन पुरतं थांबायच्या आत दुसरी काढून ठेवली होती. मास्तरांनी आपली शिलाई मशीन ओढून बाईंच्या शटरच्या तोंडाशी, अगदी रस्त्याला लागून मांडली आणि तिथे बसून कुणाच्या तरी पँटीची मापं घेतल्यासारखं करू लागले. दोन धिप्पाड माणसं आता त्यांच्या अंगावरून पाऊल टाकल्याशिवाय लेथ बाहेर काढू शकत नव्हती. मास्तर एकही शब्द बोलले नाहीत, पण त्यांच्या गप्प बसण्यात आज बाईंना संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही. समोरच्या काकूंनी भंगारवाल्याच्या माणसांना चहा पाठवला. दया म्हणून नाही. माणसं लवकर गेली तर मजा संपेल म्हणून.

बारा वाजता चिरंजीव ऑफिसातून आला. गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली, दाराशी येऊन उभा राहिला आणि आईच्या पाठीकडे बघत राहिला. तिनं त्याला बघितलं होतं. तिनं मशीनचा वेग जरासुद्धा बदलला नाही.

भंगारवाला एव्हाना उकिडवा बसून कापण्याकडे बघत होता. लोखंडाचा माणूस होता तो, वितळवायच्या भावानं का होईना, लोखंड ओळखायचा. बऱ्याच वेळानं तो उठला, बाहेर हातगाडीशी गेला, तिचं एक चाक काढलं आणि चाकांचा आस घेऊन आला. आसाचं एक टोक झिजून निम्मं झालेलं होतं, म्हणून गाडी रस्त्यानं दारुड्यासारखी चालायची. त्यानं घसा साफ केला. विचारलं, बाई, असा एक नवा करून मिळेल का.

बाईंनी आस हातात घेतला, झिजलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि एप्रनच्या खिशातून मायक्रोमीटर काढला.

"ठेवा इथे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे त्या दारातून बाजूला व्हा. उजेड अडतोय."

सगळ्यांत आधी चिरंजीव बाजूला झाला.